व्याह्यांचा अँटेना

ताईचं लग्न होऊन ती धुळ्याला गेली, तेव्हा मी मांडवातच ठरवून टाकलं होतं की आता या घरात आपलं राज्य. बायका म्हणत होत्या, बघा धाकटी किती रडतेय बिचारी. रडत होते ते खरं, पण त्यातलं निम्मं रडू सुटकेचं होतं. ताई गोरी, मी सावळी. तिची वेणी कंबरेखाली, माझी उंदराच्या शेपटीएवढी. हे सगळं मी एक वेळ सोसलं असतं. पण नाना, म्हणजे आमचे वडील, डाळमिलमधून घरी आले की उंबऱ्यातूनच विचारायचे, "उषा कुठंय?" आणि मी समोरच पाट्यावर चटणी वाटत बसलेली असायची. मंगल नावाची आपल्याला आणखी एक मुलगी आहे हे त्यांना चहा हवा असला की आठवायचं. तर ताई गेली, आणि मी तिची खाट, तिची खिडकीतली जागा आणि टीव्हीसमोरची तिची गादी त्याच आठवड्यात बळकावली. उंबऱ्यातला प्रश्न मात्र बदलला नाही, नुसता लांबला. "उषाचं पत्र आलं का?" असा झाला.

आमचं घर जळगावात, डाळमिलच्या मागच्या गल्लीत. दिवसभर मिलची घरघर चालायची आणि तुरीच्या टरफलांची बारीक पूड दोरीवरच्या कपड्यांवर, पाण्याच्या माठावर, आमच्या पापण्यांवरसुद्धा बसायची. घरघर थांबली की जेवायची वेळ झाली असं समजायचं. नाना मिलमध्ये मुकादम होते. मूळचे अंमळनेराकडचे, त्यामुळे आईशी त्यांचं सगळं बोलणं अहिराणीत, आमच्याशी शाळेतली मराठी. चिडले की मात्र आमच्याशीही अहिराणी. आई भाकरी थापायची तीसुद्धा त्या घरघरीच्या ठेक्यावर, असं मला वाटायचं. आजही मला निवांत, आवाज नसलेल्या खोलीत झोप येत नाही, पंखा जुना असेल तर बरा.

त्या सुमाराला गल्लीत छत्री आली. कोपऱ्यावरच्या केबलवाल्यानं आपल्या गच्चीवर भली थोरली डिश बसवली आणि कडुलिंबाच्या फांद्यांवरून घरोघर वायरी नेल्या. आम्ही त्या डिशला छत्रीच म्हणायचो. छत्री आली आणि गल्लीतल्या लोकांना स्वतःच्या अँटेनाची लाज वाटायला लागली. ज्याच्या गच्चीवर अँटेना त्याच्याकडे केबल नाही, असा सरळ हिशेब. महिन्याच्या आत सगळ्या गच्च्या बोडक्या झाल्या. कुणी भंगारात घातला, कुणी गावी भावाला दिला. आमच्या आईनं पाइप कपडे वाळत घालायला घेतला आणि ॲल्युमिनियमचे दांडे दुधीच्या वेलाला लावले. वेल मजेत चढला. दूरदर्शनची आठवण कुणालाच येत नव्हती.

ती आली ताईमुळे. धुळ्याला तिच्या सासरच्या गल्लीतल्या बायकांचं एक मंडळ होतं, गाणी म्हणायचं. दूरदर्शनवाले आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, कार्यक्रमासाठी खानदेशातली गाणी गोळा करत धुळ्याला आले, शाळेच्या मैदानात झोका बांधला, या बायकांना नऊवाऱ्या नेसवल्या आणि चित्रीकरण करून गेले. ताई मधोमध झोक्यावर. अर्थातच मधोमध. पत्र नानांनी मोठ्यानं वाचलं, मग आईला अहिराणीत सांगितलं, मग शेजारच्या लीलाकाकूंना बोलावून तिसऱ्यांदा वाचलं. आणि तिसऱ्या वाचनाच्या वेळी माझ्या कानात शिरलं की ताईनं म्हटलेलं गाणं "उनी आखाजी", म्हणजे आली आखाजी, हे होतं.

आता हे गाणं माझं. आखाजीला आमच्याकडे माहेरवाशिणी घरी येतात, लिंबाला झोके बांधतात, खापरावरचे मांडे आणि आमरस खाऊन सुस्तावलेल्या पोरी झोक्यावर गाणी जुळवतात. एकीनं एक ओळ टाकायची, दुसरीनं उचलायची. मला गळा नव्हता, पण जीभ होती. ताईच्या लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मी झोक्यावर उभ्या उभ्या दोन ओळी रचल्या होत्या:

उनी आखाजी आखाजी, वाट देखस मनी माय,
सासरना उंबरामा मना अडकना पाय.

लीलाकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. म्हणाल्या, लग्नाआधीच या पोरीला हे कसं समजलं? मी त्या दिवशी इतकी फुगले होते की आमरसाची दुसरी वाटीसुद्धा नको म्हणाले. आणि आता ते गाणं अख्ख्या महाराष्ट्रात वाजणार होतं, ताईच्या गोऱ्या तोंडातून. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

कार्यक्रम संध्याकाळच्या मराठी वेळेत होता आणि केबलवर तो दिसणार नव्हता. छत्रीवर दिल्लीचं यायचं, परदेशातलं यायचं, पण मराठी कार्यक्रम जळगावच्या टॉवरवरूनच पकडावा लागायचा, त्याला अँटेनाच हवा. नाना केबलवाल्याकडे गेले, तो म्हणाला, नाना, हे माझ्या हातात नाही. मग नाना मला घेऊन बाजारात गेले. ताईच्या कार्यक्रमासाठी अँटेना आणायचा आणि तो निवडायला मला न्यायचं, हा न्याय बघा. मला दोन वर्षं कॉलेजला जायला सायकल मागूनही मिळाली नव्हती.

दुकान मारवाडी शेठचं होतं, चांगला सबुरीचा माणूस. त्यानं तीन प्रकार काढून दाखवले. एक टीव्हीच्या डोक्यावर ठेवायचा, दोन शिंगांचा. एक मधला, गच्चीवर बसवायचा, मोजक्या दांड्यांचा. आणि एक लांबच लांब, शिडीसारखा, त्याच्या जोडीला बूस्टर. नानांचा जीव लांब अँटेनावर, कारण जेवढे दांडे जास्त तेवढं चित्र चांगलं असं त्यांचं मत. शेठ म्हणाले, "नाना, टॉवर तुमच्या डोक्यावर आहे. हा लांबवाला खेड्यात लागतो. शिंगवाला घ्याल तर मिलच्या पत्र्यांमुळे चित्र हलेल. मधला घ्या." मी तोवर मधल्यावर हात ठेवूनच उभी होते. "केबलचं काय करायचं मग?" मी विचारलं. शेठ म्हणाले, "टीव्हीला भोक एकच आहे ना? छत्रीची पिन काढायची, अँटेनाची घालायची. काम झालं की पुन्हा छत्रीची." नानांनी माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "हिला समजतं हो यातलं." आयुष्यात पहिल्यांदा. मधला अँटेना बाजूला काढून ठेवायला सांगून आम्ही परत आलो आणि मी येताना चक्क हसत होते.

दुसऱ्या दिवशी ताई आणि दाजी आखाजीसाठी आले. धुळ्याची एसटी, पारोळा-एरंडोल करत, टपावर पोत्यांच्या मधोमध बांधलेला एक अँटेना घेऊन. ताईच्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांच्या व्याह्यांनी, पाठवलेला. त्यांच्या धुळ्याच्या घरावर आहे अगदी तसलाच, पण नवा. "आबा म्हणाले, आमच्याकडे काचेसारखं चित्र येतं, तुमच्याकडेही तेच लावा," दाजी म्हणाले. नानांनी तो अँटेना दोन्ही हातांनी घेतला, देवळातला नारळ घेतात तसा, आणि आई आतून हळदीकुंकू घेऊन आली. अँटेनाला हळदीकुंकू! मी स्वयंपाकघरात जाऊन डाळीचा डबा इतक्या जोरात आपटला की आई दचकली.

संध्याकाळी नाना शेठकडे "नको" सांगायला गेले, मी बरोबर. शेठनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "धुळ्याच्या दुकानातला आहे?" हो म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "नाना, दर टॉवरचा नंबर वेगळा असतो. दांडे त्या नंबराच्या मापानं कापतात. धुळ्याचा अँटेना धुळ्याला चालेल. इथं मुंग्या दिसतील."

"मी काल मधल्यावरच हात ठेवला होता," मी म्हणाले.

नाना अहिराणीत आले. "तुले काय समजस? हाऊ व्याहीसनी धाडेल शे. जावई घरमा बसेल शे. त्यासना देखता दुसरा लावू का मी?"

शेठनी हात जोडले. व्याह्यांच्या वस्तूपुढे कुणाचं काय चालणार? लेकीच्या सासरहून आलेलं मीठ असलं तरी आमच्याकडे ते आधी वाढतात. मुलीला तिकडे नांदायचं असतं. काल मला "समजतं" होतं, आज "काय समजस".

अँटेना गच्चीवर चढला. कपडे वाळत घालायचा पाइप सोडवून आणला, त्यावर तो बसवला, वायर खिडकीतून आत घेतली. छत्रीची पिन काढली, अँटेनाची घातली, आणि पडद्यावर मुंग्या. नाना गच्चीवर जाऊन फिरवू लागले. खालून आई ओरडायची, "गयं! गयं!" वरून नाना विचारायचे, "उनं का?" कुठलं येतंय! पूर्वेला, पश्चिमेला, मिलच्या चिमणीकडे, कुठेही तोंड केलं तरी तेच. दाजी कसनुसे होऊन चहा पीत राहिले. आपल्या वडिलांच्या अँटेनाची अब्रू त्यांच्या डोळ्यांदेखत चालली होती. शेवटी नाना घामाघूम होऊन खाली आले आणि मला म्हणाले, "तू बघ जरा." मी वर गेले, रागारागानं पाइप धरला, दुसऱ्या हातानं सगळ्यात पुढचा दांडा पकडला, आणि खालून एकच कल्ला झाला. "उनं! उनं! तठेच थांब!" हात काढला की मुंग्या, धरला की चित्र. दाजी जावई, त्यांना कोण वर चढवणार? नानांनी तसाच धरून बघितला, आईनं बघितला, नुसत्या आडव्या रेघा. मीच धरला तर चित्र. का, ते देवाला ठाऊक. आईनं तेवढ्यात म्हणून घेतलं, "मनी पोरना हातले गुण शे." मला ते कौतुक अजिबात नको होतं, कारण मला समजलं होतं की उद्या काय होणार.

त्याच रात्री ताई आणि मी ओट्यावर कुरडया निवडत बसलो होतो. मी सरळच विचारलं.

"गाणं माझं आहे, हे सांगितलंस का त्यांना?"

"तुझं कसं? पाय माझा अडकला होता की तुझा?" ताई म्हणाली.

"अडकला तुझा, पण म्हटलं कुणी? तुला तर नुसतं रडता येत होतं."

ताई हसली. तिचं ते हसणं, ओठ मिटून, एका गालातलं. "त्या बाईंनी विचारलं ना मला, गाणं कुणी रचलं म्हणून."

"मग? काय सांगितलंस?"

"उद्या बघ ना टीव्हीवर. आत्ताच सांगितलं तर काय मजा?"

"ताई, माझं नाव घेतलंस का? एवढंच सांग."

"बघ म्हटलं ना."

माझ्या हातातली कुरडई मोडली. मला गळा नाही, रंग नाही, केस नाहीत, बरं, नसू देत. पण दोन ओळी होत्या, त्या माझ्या होत्या, आणि त्यांच्यावर माझं नाव लागलं की नाही हे अख्ख्या गल्लीसमोर उद्या ठरणार होतं. आणि तो पडदा मला सोडून बाकी सगळ्यांना दिसणार होता. मी नानांना म्हटलं, उद्या तेवढ्यापुरता शेठकडून मधला आणा ना. त्यांनी डोळ्यांनीच दाजींकडे खूण केली. ताई मात्र पटकन म्हणाली, "मी धरते वर, मंगल बघेल." सगळे तिच्यावर धावून गेले. तुझाच कार्यक्रम आणि तूच वर? मला अजूनही वाटतं, आपल्याला कुणी जाऊ देणार नाही हे माहीत होतं म्हणूनच ती तसं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या आत माणसं जमली. गल्लीत दुसरा अँटेना नव्हताच, त्यामुळे अख्खी गल्ली आमच्या दोन खोल्यांत. दारात चपलांचा ढीग, खिडकीला पोरांची डोकी. आईनं सगळ्यांना पन्हं दिलं. मी गच्चीवर. जळगावच्या उन्हाळ्यातली गच्ची, पायाखाली तवा तापलेला. एक हात पाइपवर, एक हात दांड्यावर, तोही तापलेला, मध्ये ओला रुमाल धरलेला. लीलाकाकूंनी खालून हाक दिली, "मंगल, हलू नको गं बाई, तुझ्यामुळेच सगळं दिसतंय!" माझ्यामुळे सगळं दिसतंय आणि मला समोर काय दिसतंय, तर मिलची चिमणी आणि तिच्यावर बसलेला एक कावळा.

मग झोक्याचं गाणं सुरू झालं. नानांनी आवाज इतका मोठा केला होता की वर शब्दन् शब्द ऐकू येत होता. ताईचा आवाज मी लहानपणापासून ऐकलेला, पण माझ्या ओळी त्या आवाजात मी पहिल्यांदाच ऐकत होते. खोटं कशाला बोलू, सुंदर म्हटलं तिनं. "अडकना" वर ती जराशी थांबली, आणि ते थांबणं मी रचलेलं नव्हतं, ते तिचं होतं. हे तिनं माझ्याहून चांगलं केलं होतं. माझंच घेऊन माझ्याहून चांगलं. खाली बायका हुंदके देत होत्या आणि नानांचा घोगरा आवाज आला, "मनी पोर! मनी पोर!" मी मनात म्हटलं, दोन पोरी आहेत तुम्हाला, दुसरी इथं वर भाजतेय.

गाणं संपलं. एका बाईचा गोड, शहरी आवाज आला. "फारच सुरेख. हे गाणं कुणी रचलं हो?"

मी हात सोडला नाही. निदान आधी सोडला नाही. मी फक्त वाकले, कठड्यावरून, नीट ऐकू यावं म्हणून. पण वाकता वाकता दांड्यावरचा हात सुटला, आणि खालून आरोळी आली, "गयं! गयं!" टीव्हीतून नुसतं खरखर खरखर. मी दांडा पकडला, तर घाईत पाइप फिरला. ओरडा वाढला. पाइप सरळ केला, दांडा धरला, "उनं" म्हणून कुणीतरी ओरडलं, आणि एक पुरुष कापसाच्या बियाण्याबद्दल बोलायला लागला होता.

मी जिन्यावरून धडधडत खाली आले. सगळी माणसं ताईकडे बघत होती. ताई दाराला टेकून उभी.

"काय सांगं तू त्या बाईले?" नानांनी विचारलं.

"मंगलचं नाव घेतलं," ताई म्हणाली. आणि माझ्याकडे बघून हसली. तेच हसणं.

"खरं?" मी म्हटलं.

"खरं. शपथ."

"कुणाची?"

"तुझी."

सगळे हसले. आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लीलाकाकू म्हणाल्या, बघ, बहीण असावी तर अशी. दाजी खूश होते, कारण अँटेना चालला होता. नानांनी स्वतः उठून पिन बदलली, छत्रीचं चित्र आलं, माणसं पांगली. माझ्या तळहातावर दांड्याचा लाल वळ उठला होता, त्याला आईनं तूप लावलं. मला तिथल्या कुणाला तरी गदागदा हलवून विचारायचं होतं की अहो, तुम्ही सगळे टीव्हीसमोर होतात, एकालाही अर्धं अक्षर ऐकू आलं नाही का? कुणी म्हणालं, "म" ऐकू आला. "म"वरून मंगल होतं आणि "मीच"सुद्धा होतं.

आता तो टॉवरही बंद पडला म्हणतात. माझा मुलगा म्हणतो, आई, जुने कार्यक्रम शोधले की सापडतात, विचारू का कुठे? मी त्याला दर वेळी काहीतरी काम सांगते. ताई आता साठीला टेकली, गुडघे गेलेत, फोनवर अजून भांडतो आम्ही. अधूनमधून विषय निघतोच. ती म्हणते, घेतलं होतं गं नाव, किती वेळा सांगू? आणि मी फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तिच्या आवाजातला खरा-खोटा सूर शोधत बसते.

शोधायची गरज नव्हती खरं तर. त्याच वर्षी दिवाळीनंतर ताईचं डोहाळजेवण होतं, मी धुळ्याला गेले होते. ताईच्या सासूबाई, अक्का, मोठ्या मायाळू. त्यांच्या गच्चीवर तसलाच अँटेना, आणि खाली खरोखरच काचेसारखं चित्र. दुपारी बायका भरताची वांगी भाजत मागच्या अंगणात होत्या, मी आणि अक्का दोघीच माजघरात. अक्का पानाला चुना लावत होत्या. टीव्हीकडे बघून त्यांना एकदम आठवलं. म्हणाल्या, "आखाजीनं ते गाणं आम्ही इथंच बसून पाह्यलं. तुमच्याकडे म्हणे मधीच गेलं चित्र. आमचं नाही गेलं बरं का. त्या बाईनं विचारलं आमच्या सूनबाईला, गाणं कोणी रचलं, तर ती काय म्हणली ठाऊक शे का तुले?"

अक्कांनी पान दुमडलं, तोंडात ठेवलं, आणि बोलायला तोंड मोकळं व्हावं म्हणून क्षणभर थांबल्या. नाव घेतलं असेल, तर मग लहानपणापासून मी काय घेऊन जगले? आणि नसेल घेतलं, तर अंगणात ती जड पोटानं, हिरवी साडी नेसून बसलीय, तिच्या तोंडात पेढा कसा घालू?

"अक्का, वांगी करपल्याचा वास येतोय," मी म्हटलं आणि उठून अंगणात गेले.